शेफिल्ड : पात्याच्या बुंध्यावरचा ठसा

गुरुवार : कटलर्स हॉल

शेफिल्ड स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच पोलादाची एक लांबच लांब भिंत आहे. तिच्या अंगावरून सतत पाणी वाहत असतं. ‘कटिंग एज’ तिचं नाव, लांबी नव्वद मीटरच्या आसपास. गाडीतून उतरलेली माणसं तिच्याकडे न बघता ट्रामकडे निघून जातात. मी थांबले. घडीच्या चाकूंचा नाद लागल्यापासून या गावाचं नाव मी पात्यांवर भिंगाखाली वाचत आले होते. आज ते स्टेशनच्या पाटीवर चांगलं हातभर अक्षरांत दिसत होतं.

माझ्या संग्रहातला पहिला चाकू पुण्याच्या जुन्या बाजारातला. हाडाची मूठ, दोन पाती, सगळ्यावर गंज. मऊ फडकं आणि तेल घेऊन बसले, तेव्हा मोठ्या पात्याच्या बुंध्याशी एक चांदणी, एक माल्टीज क्रॉस आणि मुकुटाच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरं वर आली. जोसेफ रॉजर्स अँड सन्स. या कारखान्याचा माल इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानात भरपूर यायचा, म्हणून आपल्याकडे तो अजूनही सापडतो. तेव्हापासून हे गाव बघायचं मनात होतं.

सोबतीला मावसभाऊ होता. दादा लीड्सला नोकरी करतो आणि चाकूंशी त्याचा संबंध सफरचंद कापण्यापुरता. पण गाडी त्याची, रस्ते त्याला ठाऊक आणि ऐकून घ्यायची तयारी भरपूर. शिवाय तो डावखुरा आहे. त्याचा विषय पुढे येणारच आहे.

दुपारी कटलर्स हॉल. कॅथीड्रलच्या अगदी समोर, चर्च स्ट्रीटवर. आत्ताची इमारत १८३२ची, त्याच जागेवरची तिसरी. इथं कधीही जाऊन आत शिरता येत नाही, गटाने फेरी आधी ठरवावी लागते. आम्ही ती ठरवली होती. हॅलमशायर म्हणजे शेफिल्ड आणि भोवतालचा मुलूख. तिथल्या चाकूवाल्यांची ही कंपनी १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. तिची मुख्य कामं तीन : काम शिकण्याची उमेदवारी किती वर्षांची हे ठरवणं, वाईट माल बाजारात जाऊ न देणं आणि प्रत्येक कारागिराला त्याचा ठसा देऊन त्याची नोंद ठेवणं. एकाचा ठसा दुसऱ्याने मारला तर शिक्षा.

ठसा मारायची जागा ठरलेली असते. पातं मुठीत शिरतं तिथे धार नसलेला जाड, चौकोनी भाग असतो, त्याला टँग म्हणतात. पातं तापवून घडवत असतानाच, पाणी द्यायच्या आधी, तिथे पोलादी ठसा ठेवून हातोड्याचा एक घाव घालतात. पाणी दिल्यावर पोलाद इतकं कडक होतं की ठसा उठत नाही, उलट ठसाच फुटायची भीती. टँग सहाणेवर घासला जात नाही, त्यामुळे शंभर वर्षं धार लावूनही तिथलं नाव टिकतं. पात्याच्या अंगावर अॅसिडने कोरलेली अक्षरं मात्र पुसून, घासून लवकर जातात. म्हणून जुन्या चाकूवर ती कोरीव अक्षरं शाबूत असली की संग्राहक जास्त पैसे मोजतात.

सुरुवातीचे ठसे बहुतेक चित्रांचे आणि खुणांचे. यामागचं कारण व्यवहारी आहे. गिऱ्हाइकाला वाचता येत नसलं तरी चांदणी ओळखता येते, आणि माल दूरदेशी गेला तर तिथे इंग्रजी कोण वाचणार? रॉजर्सला चांदणी आणि क्रॉस १७६४ साली मिळाला. इबरसनचं व्हायोलिन, जॉन टेलरचा डोळा, पेटी नावाच्या कारखान्याचं पिंप, बुचरचा बाण आणि क्रॉस. पुढे अक्षरांचे ठसे आले. त्यांत सगळ्यांत गाजलेला जॉर्ज वॉस्टनहोमचा ‘आय*एक्सएल’. कंपनीच्या वहीत तो पहिल्यांदा चढला १७८७ साली, वॉस्टनहोमकडे आला नंतर, आणि त्याने तो अमेरिकेत घरोघर पोचवला. अमेरिकेच्या व्यापारावर त्याचा इतका जीव की १८४८ साली घेतलेल्या कारखान्याचं नाव त्याने वॉशिंग्टन वर्क्स ठेवलं.

हॉलमध्ये काचेच्या पेटीत ‘नॉरफोक नाइफ’ आहे. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी रॉजर्सने केलेला, पंचाहत्तर पात्यांचा घडीचा चाकू. मूठ मोतीशिंपल्याची, तिच्यावर शिकारीचं कोरीव काम, पात्यांवर बारीक देखावे. सगळी पाती पंख्यासारखी उघडून ठेवलेली. खिशात मावणाऱ्या वस्तूची ही इतकी प्रचंड आवृत्ती बघून गटातले लोक ‘वाव’ म्हणत होते, आणि ते रास्तच होतं. पण मी त्या पात्यांच्या बुंध्यांकडे बघत होते. तिथे कारखान्याचं नाव आहे. ज्यांनी ती पाती ठोकली, घासली, बसवली, त्यांचं नाही.

“मग करणाऱ्यांची नावं कुठं असतात?” दादाने बाहेर पडताना विचारलं. पुढचे दिवस मी बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या मागे होते.

शुक्रवार : केल्हम आयलंड

सकाळी चालतच डॉन नदीकाठी केल्हम आयलंडच्या संग्रहालयात गेलो. हे बेट माणसांनी केलेलं, चक्कीसाठी नदीचा पाट काढला त्यामुळे झालेलं. १८६४ साली डेल डाइकचं धरण फुटलं आणि दोनशे चाळीसच्या आसपास माणसं गेली. तो पूर याच काठाने आला होता. आत दारातच रिव्हर डॉन इंजिन आहे, १९०५चं, बारा हजार अश्वशक्तीचं, चिलखती पत्रे लाटण्यासाठी बनवलेलं. ते वाफेवर चालवून दाखवतात. दादाचा पाय तिथून निघेना, म्हणून त्याला तिथेच सोडून मी हॉली गॅलरीत गेले.

केन हॉली हा शेफिल्डचा हत्यारविक्या. त्याने आयुष्यभर कारखाने बंद पडताना तिथून हत्यारं, अर्धवट माल, कॅटलॉग, ठसे उचलून आणले. त्याचं मोल मोठं आहे, कारण तयार चाकू सगळेच जपतात. अर्धवट घडवलेलं पातं कुणी जपत नाही. इथे एकाच चाकूचा पोलादाच्या पट्टीपासून चकचकीत मालापर्यंतचा प्रवास ओळीने मांडलेला पाहता येतो. घडवणारा वेगळा, सहाणेवर घासणारा वेगळा, आणि मूठ, स्प्रिंग, पातं एकत्र बसवणारा वेगळा. तिघे बहुधा तीन वेगळ्या खोल्यांत, कधी तीन वेगळ्या गल्ल्यांत. भाड्याची खोली घेऊन स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या अशा कारागिराला शेफिल्डमध्ये ‘लिट्ल मेस्टर’ म्हणतात. त्याने केलेलं पातं मोठ्या कारखान्याकडे जायचं आणि त्याच्यावर मोठ्या कारखान्याचा ठसा असायचा.

इथेच पात्यांच्या जातीही नीट बघून घेतल्या. इंटरनेटवर चित्रांतून त्या कळतात, पण पातं हातभर अंतरावर असलं की कारण कळतं. ‘स्पिअर’ म्हणजे भाल्याच्या टोकासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं उतरणारं. ‘क्लिप’चा पाठीकडचा तुकडा कापल्यासारखा असतो, टोक बारीक आणि तीक्ष्ण. ‘पेन’ हे धाकटं पातं, मुळात पिसाची लेखणी तासण्यासाठी. आपल्याकडे बोरू तासायला असंच छोटं, हलकं पातं लागायचं. ‘शीपफूट’ची धार एकदम सरळ आणि पाठ टोकाशी अचानक खाली वळलेली, म्हणजे खुपसता येईल असं टोकच नाही. खलाशांना हेच हवं असायचं. हलत्या जहाजावर दोर कापताना टोकाची इजा नको. ‘स्पे’ बोथट आणि गोलसर, गुरांचं खच्चीकरण करण्यासाठी. बागायतदारांचं वाकडं पातं वेगळं. कोकणात आंब्याची कलमं बांधणाऱ्यांना ते ओळखीचं वाटेल.

शेफिल्डची खरी आवड मात्र ‘लँब्सफूट’. शीपफूटसारखीच सरळ धार, पण पाठही जवळजवळ सरळ, मुठीकडून टोकाकडे हलकेच अरुंद होत जाणारी. धार पूर्ण सरळ असल्यामुळे ती सपाट दगडावर एका घासात सबंध लागते. कामगाराला वेळ नसतो, त्याच्या दृष्टीने ही मोठी सोय. ‘व्हार्नक्लिफ’ तिचीच देखणी बहीण. पाठ मुठीपासूनच एका लांब वळणाने उतरते आणि सरळ धारेला टोकाशी भेटते. रॉजर्सचा आश्रयदाता लॉर्ड व्हार्नक्लिफ याच्या नावावरून ती ओळखली जाते. माझ्या मते घडीच्या चाकूत याहून सुबक रेघ दुसरी नाही. ती रेघ चुकली की लगेच दिसते, आणि म्हणून ती काढणाऱ्याचा हात तिथे ओळखता येतो.

संग्रहालयात मेस्टरांच्या खोल्या जशाच्या तशा मांडल्या आहेत. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) अखेरच्या वर्षांत याच आवारात काम करायचा. लहान वयात तो इबरसनच्या कारखान्यात लागला, आणि कित्येक वर्षं त्याने केलेले चाकू दुसऱ्यांच्या ठशाखाली विकले गेले. १९८०च्या दशकात त्याने स्वतःची जागा घेतली आणि मग पात्यांवर त्याचं स्वतःचं नाव येऊ लागलं. तेव्हा जगभरचे संग्राहक रांगेत उभे राहिले, वर्षानुवर्षं थांबायच्या तयारीने. हात तर आधीपासून तोच होता.

त्याच्या पद्धतीचं एक हत्यार मी बराच वेळ बघत होते. पार्सर. मुठीच्या हाडात किंवा शिंगात चांदीची छोटी ढाल बसवायची असते, तिच्यासाठी अगदी तंतोतंत आकाराचा खळगा करायला हे वापरतात. छातीशी एक लोखंडी पट्टी, तिच्यात टेकवलेला दांडा, आणि दांड्याला गुंडाळलेली दोरीची कमान पुढेमागे. आपल्याकडचे जुने सुतार सामता फिरवायचे, तसंच. फरक टोकात आहे. पार्सरच्या टोकाला दोन स्प्रिंगदार पाय असतात. मुठीवर ढालीच्या आकाराचं भोक असलेला पोलादी साचा ठेवायचा आणि पार्सर त्यात सोडायचा. फिरताना ते दोन पाय साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पसरतात आणि खालचं हाड तेवढंच खातात. गोल फिरणाऱ्या हत्याराने टोकदार कोपऱ्यांचा खळगा. यंत्राशिवाय.

मुठींच्या कपाटापाशी एक ओळखीचं नाव भेटलं. सांबर. शेफिल्डला ‘स्टॅग’ मुठीसाठी लागणारं शिंग मुख्यतः हिंदुस्थानातून यायचं. सांबराचं शिंग आतून भरीव, वरची साल खडबडीत आणि सुंदर तपकिरी. ताडोबा, मेळघाटात दरवर्षी सांबर शिंगं टाकतं. तशी गोळा केलेली शिंगं इथे जहाजांनी येत. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो, कारण पडलेलं शिंग आणि मारून काढलेलं शिंग यांतला फरक गोदीत कुणाला करता येणार? आता कारागीर साठ्यातल्या जुन्या तुकड्यांवर किंवा लाल हरणाच्या शिंगावर भागवतात.

शनिवार : शेफर्ड व्हील आणि अॅबीडेल रोड

शेफर्ड व्हील ही पाण्याच्या चाकावर पाती घासायची जुनी जागा. ती शनिवार-रविवार उघडी असते. पोर्टर नावाच्या ओढ्याच्या काठाने झाडीतून वाट जाते. ओढा इतका लहान की आपल्याकडे त्याला नाव मिळालं नसतं. पण पाट काढून, तळं बांधून त्या पाण्यावर चाक फिरवलं जायचं, आणि १९३०पर्यंत इथे पाती घासली जात होती. शेफिल्ड इथेच का वसलं हे या जागी कळतं. डोंगरातून उतरणारे पाच प्रवाह, हाताशी सहाणेचा वालुकाश्म, जवळच लोखंड आणि कोळसा.

स्वयंसेवकाने झडप उघडली, चाक हळूहळू हललं, आणि आतले पट्टे, कप्प्या आणि दगड एकामागून एक जागे झाले. दगडामागे लाकडाचं घोड्यासारखं बैठं आसन. घासणारा त्यावर मांड ठोकून, पुढे वाकून, पातं दगडावर दाबून धरायचा. तोंड दगडापासून वीतभर. दगड पाण्यात बुडून फिरतो तिथे पिवळा चिखल उडतो, कोरडा फिरतो तिथे धूळ. ही धूळ फुप्फुसात बसून माणसं तरुणपणीच खोकून मरायची. काटे आणि सुया कोरड्या दगडावर घासणाऱ्यांचे हाल सर्वांत वाईट. दगड फुटून जीव जायचा तो वेगळाच. मी पात्याच्या अंगावरचा ‘ग्राइंड’, म्हणजे सहाणेवर घासून दिलेला उतार, इतकी वर्षं कौतुकाने बघत आले. तो कशाच्या मोबदल्यात मिळायचा ते इथे उभं राहिल्यावर पुरतं उमगलं. त्या बाकांवर कुणाचा ठसा नाही.

परतताना मिल्टन स्ट्रीटवरून गेलो. टेलरच्या आय विटनेस वर्क्सची जुनी इमारत तिथेच आहे. २०१८पर्यंत चालू होती. कंपनी दुसरीकडे गेली आणि इथे आता घरं झाली आहेत.

दुपारी अॅबीडेल रोडच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत. एका दुकानात मखमलीच्या ट्रेमध्ये वीस-पंचवीस घडीचे चाकू होते. मालकीणबाई शांत होत्या, खुर्ची दिली, दिवा जवळ ओढून दिला. अशी खरेदी करणाऱ्यांसाठी, मी काय बघते ते सांगते.

आधी ठसा. रॉजर्सवर मुकुटाशेजारची अक्षरं बघायची : ‘व्ही आर’ असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, १९०१पर्यंतचा, ‘जी आर’ असेल तर बहुधा नंतरचे जॉर्ज. मग ‘इंग्लंड’ हा शब्द आहे का. अमेरिकेने १८९०च्या मॅकिनली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून अमेरिकेला गेलेल्या चाकूवर तो शब्द नसेल तर चाकू त्याआधीचा मानायला जागा आहे. घरच्या बाजारात विकलेल्या मालाला मात्र ही कसोटी लागत नाही, हे पुष्कळ विक्रेते विसरतात. ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर १९१३नंतरचाच, कारण हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद त्या साली इथेच शेफिल्डमध्ये केलं. नक्कलही जुनीच आहे. मिळतीजुळती नावं आणि खोटं ‘शेफिल्ड’ परदेशी मालावर इतकं दिसू लागलं की इथल्या लोकांच्या तक्रारींनंतर १८८७ साली कायदा करावा लागला.

ठसा वाचून झाला की खरं काम सुरू होतं. पातं मिटवून बघायचं : टोक मुठीच्या कडेत पूर्ण बुडतं का? वर डोकावत असेल तर पातं बरंच घासलं गेलं आहे. नखाची खाच टोकाच्या फार जवळ आली असेल तर पात्याची लांबी गेली. ठसा कोरा करकरीत आणि बाकी पातं झिजलेलं, असं असेल तर दहादा विचार करावा. स्प्रिंगची पाठ उघड्या, अर्ध्या आणि मिटलेल्या अशा तिन्ही स्थितींत मुठीशी सपाट राहते का, यावर बसवणाऱ्याचा हात कळतो. बोट फिरवलं की पायरी लागता कामा नये. आणि आवाज. उघडताना आणि मिटताना चाकू स्वच्छ, टणक आवाज देतो. इंग्रजी संग्राहक त्याला ‘वॉक अँड टॉक’ म्हणतात.

माझ्यासमोर शेवटी दोन उरले. एक आय*एक्सएल, ठसा अगदी ठळक, नाव ऐकूनच किंमत चढलेली. क्लिप पातं झिजून अर्ध्यावर आलेलं, स्प्रिंग सैल. दुसऱ्याचा ठसा इतका पुसट की ‘शेफिल्ड’ एवढंच लागत होतं, वरची ओळ गेलेली. पण पातं व्हार्नक्लिफ, जवळजवळ पूर्ण लांबीचं. भिंगाखाली पाठीवरचा तिरका उतार मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा बारीक होत गेलेला, कुठेही थरथर नाही. तिन्ही स्थितींत स्प्रिंगची पाठ सपाट. मूठ गाईच्या हाडाची, पिवळसर झालेली. मी दुसरा घेतला. संग्रहाची किंमत बघणारे मला वेड्यात काढतील, कारण नावाशिवायच्या चाकूला बाजारात भाव नाही. पण कारागिराचं काम मला या दोनांत याच चाकूवर वाचता येत होतं.

ट्रेमध्ये एक हस्तिदंती मुठीचा रॉजर्सही होता. मालकीणबाईंनी स्वतःच सांगितलं की तो विकायला नाही, दाखवायला आहे. ब्रिटनमध्ये २०२२पासून हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर कडक बंदी आहे, थोडे अपवाद सोडून. भारतात तर तो आणायचा विचारसुद्धा करू नये.

दादाला एक चाकू उघडायला दिला. त्याने उजव्या हातात धरला आणि डाव्या अंगठ्याचं नख शोधत राहिलं. खाच दुसऱ्या बाजूला. चाकूला दोन अंगं असतात, ‘मार्क साइड’ आणि ‘पाइल साइड’. ठसा आणि नखाची खाच दोन्ही मार्क साइडला, उजव्या नखाच्या सोयीने. दादा म्हणाला, “म्हणजे ठसासुद्धा उजव्या लोकांचाच.” मालकीणबाईंनी मान डोलावली.

कायद्याचंही सांगून ठेवते. ब्रिटनमध्ये लॉक नसलेला आणि तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू खिशात बाळगता येतो. लॉक होणाऱ्याला सबळ कारण लागतं. खरेदीला साधारणपणे वय अठरा, तीन इंचांपर्यंतचा घडीचा चाकू सोडून. विमानात चाकू नेहमीच चेक-इनच्या सामानात.

रविवार : स्टॅनेज

पीक डिस्ट्रिक्ट, शेफिल्डलगतचा डोंगराळ मुलूख. पाऊस, वारा, आणि स्टॅनेजच्या कड्याखाली गवतात पडलेले घडवलेले जात्याचे दगड, विकले न गेलेले. चाकूची सहाण यापेक्षा बारीक कणांच्या दगडाची. ती रॉदरहॅमजवळच्या विकर्सलीहून यायची. पावसाने संध्याकाळ खाल्ली.

सोमवार : पोर्टलंड वर्क्स

रँडल स्ट्रीटवरची ही विटांची इमारत व्हिक्टोरियन काळातली. स्टेनलेस पोलादाच्या सुऱ्या सुरुवातीला इथे बनल्या. काही वर्षांपूर्वी ती पाडून घरं करायचा घाट होता, तेव्हा गावकऱ्यांनी शेअर काढून ती विकत घेतली आणि कारागिरांना भाड्याने दिली. चौकात शिरलं की एका खोलीतून गिटार, दुसरीतून हातोडा, तिसरीतून पॉलिशच्या चाकाचा आवाज येतो.

आम्ही पत्र लिहून वेळ घेतलेला चाकूवाला चाळिशीतला होता. खोली अरुंद, खिडकीखाली ओटा, भिंतीवर कानशींची रांग. त्याने अर्धवट बसवलेला एक लँब्सफूट हातात दिला. स्प्रिंग आणि पातं कच्च्या खिळ्याने जोडलेलं. उघडून बघितलं की स्प्रिंग केसभर वर येत होती. त्याने पातं काढलं, टँगच्या कोपऱ्यावर कानस दोनदा फिरवली, पुन्हा जोडलं. थोडी कमी झाली. पुन्हा काढलं. असं किती वेळा करता म्हणून विचारलं, तर म्हणाला, बसेपर्यंत. टँगवर कानस जास्त चालली तर पातं वाया. काढलेलं पोलाद परत लावता येत नाही. मग त्याने तिन्ही स्थितींत माझं बोट फिरवायला लावलं. काही लागलं नाही.

त्याचा ठसा त्याच्या आडनावाचा आहे, खाली ‘शेफिल्ड’. मी त्याला कटलर्स हॉलपासून मनात असलेला प्रश्न विचारला. त्याने सरळ सांगितलं की पाती पाणी द्यायला तो बाहेर एका जुन्या कारखान्यात पाठवतो, आणि काही पाती घासून देणारा एक म्हातारा ग्राइंडर आहे, त्याच्यासारखा ‘ग्राइंड’ आपल्याला अजून जमत नाही. त्याचं नाव पात्यावर येत नाही, पण गिऱ्हाइकाने विचारलं तर तो सांगतो. मला हे फार आवडलं. विचारल्यावर सांगणं ही छोटी गोष्ट आहे. इथल्या मोठ्या ठशांनी दोनशे वर्षांत ती केली नाही. रॉजर्सने १९७१ साली वॉस्टनहोम घेतलं, आणि आज दोन्ही नावं शेफिल्डमधल्याच एका समूहाकडे आहेत. ती नावं टिकली याचा मला आनंद आहे. त्यांच्याखाली काम केलेल्यांची यादी कुणीतरी करावी असं मात्र मनापासून वाटतं. पगाराच्या वह्या, जनगणनेची पानं, उमेदवारीचे करार या गावात जपून ठेवलेले आहेत.

दादासाठी एक चाकू सांगितला. लँब्सफूट, कार्बन पोलाद, म्हशीच्या शिंगाची मूठ, पितळी अस्तर. कार्बन पोलाद काळवंडतं, लिंबू कापून तसंच ठेवलं तर डाग पडतात, पण धार अशी लागते की स्टेनलेसने मान खाली घालावी. वापरल्यावर पुसायचं, सांध्यात तेलाचा एक थेंब.

चाकूवाल्याने वहीत सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, उजवा की डावा? दादाने डावा हात वर केला. तो म्हणाला, मग नखाची खाच पलीकडच्या अंगाला कापतो. पण ठसा? दादा म्हणाला, खाच जिथे तिथेच ठसा. चाकूवाला क्षणभर ओट्यावरच्या पात्यांकडे बघत राहिला, मग म्हणाला की म्हणजे पात्याच्या उलट्या अंगावर मारावा लागेल, घडवतानाच लक्षात ठेवायला हवं, नाहीतर पाणी दिल्यावर काही करता येणार नाही. त्याने खडू घेतला आणि एका कोऱ्या पट्टीच्या डाव्या बाजूला खूण केली.